गप्प बसणारा फोन

“तुम्ही या ठिकाणी सहा वेळा गेला आहात. या ठिकाणाला नाव द्या, म्हणजे इतरांनाही ते सापडेल.”

सकाळची पेज पिता पिता लाडू वेळीपने मोबाइलवर हे वाचलं आणि त्याला असा ठसका लागला की आतून येसू धावत आली. मोबाइलवर नकाशा होता, नकाशावर गावामागचं रान होतं, आणि रानाच्या ऐन पोटात, जिथली वाट जगात फक्त लाडूच्या पायांना माहीत होती, तिथे एक तांबडा ठिपका होता.

“काय झालं वो? कोन गेलं काय?” येसूने नवऱ्याच्या पाठीवर थापट्या मारत विचारलं.

“कोन न्हाई गेलं,” लाडूने डोळे पुसत मोबाइल पालथा घातला. “मीच जातोय, ते समजलंय त्यास्नी.”

आता ही जागा कुठली, ते सांगायला हवं. लाडूने तर आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ओढ्यापलीकडे तासभर चढून गेलं की किंदळीच्या झाडांखाली पिवळ्या मातीची पाच वारुळं आहेत. नागपंचमी झाली आणि आभाळ दोन दिवस गडगडलं, की त्या वारुळांवर अळंबी फुटते, आणि अशी फुटते की पाटी भरून उरते. लाडूच्या बापाने अंथरुणाला खिळल्यावर लेकाला जवळ बोलावलं, बायकांना बाहेर घालवलं आणि ती जागा त्याच्या कानात सांगितली. सोबत दोन अटी घातल्या. जागा कुणाला म्हणजे कुणालाच दाखवायची नाही. आणि दर वेळी नऊ अळंब्या कुंभ्याच्या पानावर वनदेवासाठी ठेवून यायच्या. लाडू नऊ मोजून ठेवी. दुसऱ्या दिवशी पान रिकामं असे. देव प्रसन्न आहे याची ही पोचपावती त्याला गेली बारा वर्षं मिळत होती.

बाकी लाडूकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. दीड एकर भात, दोन म्हशी आणि गळका गोठा. गावच्या बैठकीत तो बोलायला उठला की लोक तंबाखू मळायला घेत. पण अळंबीच्या दिवसांत भरली पाटी डोक्यावर घेऊन तो गावात शिरला की ह्याच लोकांच्या माना वळत. घरटी मूठमूठ वाटून उरलेली अळंबी घेऊन तो रामनगरला हमरस्त्यावर बसे आणि गोव्याला निघालेल्या मोठमोठ्या गाड्या त्याच्यापुढे थांबत. शेजारचा महाबळेश्वर हा पंचायतीचा मेंबर आणि गावातला सगळ्यात चौकस माणूस. तो दर वर्षी न चुकता लाडूच्या अंगणात येऊन सगळ्यांदेखत विचारी, “लाडू, कुठं घावली रं?”

“रानात,” लाडू म्हणे.

महाबळेश्वर कपाळाला हात लावी आणि लोक हसत. आपणही कोणीतरी आहोत असं लाडूला वर्षातून एकदाच वाटे, आणि ते या एका शब्दाच्या उत्तरापायी. त्यावर आता हा ठिपका येऊन पडला होता.

दुपारी जावई नागेश आला. तो गणेशगुडीला राफ्टिंगच्या बोटीवर गाइड होता आणि शहरी साहेबांच्या संगतीने त्याला दोन गोष्टी जास्त ठाऊक होत्या. लाडूने त्याला गोठ्यामागे नेऊन ठिपका दाखवला, पण तिथे काय आहे ते सांगितलं नाही.

“मामा, ह्यात नवीन काय न्हाई,” नागेश म्हणाला. “तुमी कुठं गेलासा, किती येळ बसलासा, सगळं त्या लोकास्नी म्हाईत असतंय.”

“पन तिथं रेंज कुठाय?”

“रेंज लागत न्हाई. फोन सगळं बघून ठेवतो आनि रेंजमधे आला की सांगतो.”

इतके दिवस आपण खिशात एक चहाडखोर घेऊन हिंडत होतो, हे कळल्यावर लाडूचा जीव अर्धा झाला. “मग बंद करा की त्याचं तोंड!”

नागेशने दोन ठिकाणी बोट लावून काहीतरी बंद केलं. “झालं. पन आमच्याकडं बेंगळूरचे इंजिनेर येतात, ते म्हनतात, बंद केलं तरी पुरतं बंद व्हईत न्हाई. ते लोक येगळाच फोन वापरतात. कुनाला कायच सांगत न्हाई असला.”

फोन घरी ठेवून जावं, तर तिथे येसूचा कायदा आडवा येत होता. गेल्या साली लाडू ओढ्याच्या दरडीवर घसरला, पाय मुरगळला आणि तीन तास तिथेच बसून राहिला. तेव्हापासून फोन घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा येसूचा हुकूम होता. चढावर मधूनमधून रेंज मिळते, हे तिने स्वतः जाऊन बघून ठेवलं होतं. तेव्हा फोन तर हवा, पण गप्प बसणारा हवा, असं ठरवून लाडूने दुसऱ्या दिवशी रामनगरची बस धरली.

रामनगरात प्रवीणचं मोबाइलचं दुकान होतं. प्रवीण मूळचा खानापूरकडचा. त्याच्या दुकानात नाही असा फोन नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

“काय शोधालाय काका?”

“मी कुठं जातो ते कुनाला न सांगनारा फोन हाय काय?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चारीही एकदम गप्प झाली. प्रवीणने आवाज खाली घेतला, त्यामुळे सगळ्यांना जास्तच नीट ऐकू येऊ लागलं.

“तसला हाय, पन हितं न्हाई. दांडेलीत न्हाई, बेळगावात पन न्हाई. परदेशात्नं मागवावा लागतोय. ऐंशी हजार, वर कस्टमचे येगळे. दोन म्हयने थांबायचं. बिघडला तर दुरुस्त करनारा पन तिकडंच.”

“ऐंशी? अरं, हा माझा अकरा हजाराचा फोन साऱ्या जगाला सांगत बसतोय!”

“तेच की वो काका. सांगनारा फोन स्वस्त असतोय. न सांगनाऱ्याचे पैसे पडतात.”

लाडूला हे काही केल्या पटेना. तो स्वतः बारा वर्षं फुकटात गप्प राहिला होता.

“मग बटनाचा साधा घ्या की,” प्रवीण म्हणाला.

“त्यात व्हिडिओवर नातीचं तोंड दिसत न्हाई.”

शेवटी रिकाम्या हाताने माघारी जाऊ नये म्हणून प्रवीणने दीडशे रुपयांत त्याच्या फोनला एक काच चिकटवून दिली. समोरून बघणाऱ्याला सगळं दिसे, बाजूने बघणाऱ्याला नुसतं काळं. यापेक्षा जास्त गुप्तता आत्ता दुकानात शिल्लक नाही, असं त्याने सांगितलं.

चार गिऱ्हाइकांपैकी दोघे लाडूच्याच बसमध्ये होते. बाजारकुणंगच्या, म्हणजे गावच्याच, फाट्यावर ते आधी उतरले आणि झपझप पुढे गेले. लाडू घरी पोचेपर्यंत गावाला कळून चुकलं होतं की लाडू कुठेतरी जातो आणि कुठे जातो ते कळू नये म्हणून ऐंशी हजारांचा फोन शोधतो.

घरी चुलीपुढे येसू बसली होती. लाडूने शेजारी टेकून मोबाइल काढला. येसूने नेहमीसारखी मान वळवून बघितलं, तर काळं.

“ह्ये काय?”

“काच.”

“काळी का?”

“बाजूनं कुनाला दिसू नये म्हनून.”

येसूने फुंकणी खाली ठेवली. “तुमच्या बाजूला तर मीच बसते.”

खरं सांगावं तर बापाची अट मोडत होती, खोटं सांगावं तर त्याला ते कधी जमलंच नव्हतं. तो गप्प बसला आणि त्या गप्प बसण्याने घराची घडी विस्कटली. येसूने बोलणं तोडलं. ताटात भात पडे, पण आणखी वाढू का हे कुणी विचारत नसे. इतक्या वर्षांच्या संसारात लाडूला त्या एका प्रश्नाची केवढी सवय झाली होती, ते त्याला आत्ता कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

गावाने तर आपापल्या परीने उलगडा करून टाकला. कुणी म्हणे, लाडूला सोन्याचा हंडा सापडला. कुणी म्हणे, त्याने जमीन रिसॉर्टवाल्यांना विकली. कुणी नुसतंच “गणेशगुडीची बाई” म्हणे आणि डोळा मारी. मग पंचायतीचा मेंबर ह्या नात्याने महाबळेश्वर आला.

“लाडू, काय असंल तर मला सांग. मी हाय.”

“काय न्हाई.”

“खरंच काय न्हाई?”

“न्हाई म्हनलो न्हवं!”

लाडू कधी ओरडत नसे. तो ओरडला म्हटल्यावर काहीतरी नक्की आहे, यावर ओट्याखाली उभ्या असलेल्या सगळ्यांचं एकमत झालं. त्या दिवसापासून लाडू परसाकडे निघाला तरी चार डोळे त्याच्या पाठीवर असत, आणि डोळे जितके वाढले तितकी त्याला त्या फोनची गरज जास्त वाटू लागली.

आठवड्याने नागेशचा निरोप आला. बेंगळूरच्या एका इंजिनेराला आपला तसला फोन काढून टाकायचा होता. तीन वर्षांचा जुना, पण पक्का मुका. किंमत बावीस हजार. गोठ्याच्या पत्र्यांसाठी लाडूने डब्यात बाजूला ठेवलेले पैसे नेमके तेवढेच होते. त्याने डबा रिकामा केला.

फोन आला. तो कुणाला काही सांगत नसे, हे खरंच होतं, फक्त त्या कुणात लाडूही मोडत होता. काहीही करायला गेलं की तो आधी परवानगी विचारी, आणि दिली की पुन्हा विचारी, नक्की का. नकाशा त्यात नव्हताच. नातीचं तोंड ज्यात दिसे ते काही त्यात चालेना. उघडण्यासाठी सहा आकडे दाबावे लागत आणि दुसऱ्या कुणी बघून पाठ करू नयेत म्हणून ते आकडे पडद्यावर दर वेळी जागा बदलत. लाडूने हौसेने त्यावरही तशीच एक काळी काच चिकटवून घेतली.

येसूने रिकामा डबा बघितला, मग फोन बघितला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ती बोलली. “पत्रे गेले, नात गेली, आनि ह्ये काळं ते काळंच!”

नागपंचमी झाली. दोन दिवस आभाळ गडगडलं. तिसऱ्या सकाळी लाडू गुरं बघायला जातो असं सांगून निघाला. आधी उलट्या दिशेने गेला, मग शेताच्या बांधावरून वाकत वाकत, मग ओढ्यातून चालत. कुणी मागे नाही याची चार वेळा खात्री करून तो चढाला लागला.

पाचही वारुळं पांढरीशुभ्र झाली होती. लाडूला इतका आनंद झाला की गेल्या महिन्याचा सगळा ताप तो विसरला. त्याने हात जोडले, पाटी भरली, कुंभ्याचं पान अंथरून त्यावर नऊ अळंब्या मोजून ठेवल्या आणि पाटी उचलायला वाकला. इतक्यात मागून कुणीतरी जोरात नाक फुरफुरवलं.

गवे होते. दोन माद्या, एक पिल्लू, आणि सोबत एक काळाभोर नर. लाडू पाटी टाकून शेजारच्या वाकड्या झाडावर कसा चढला, ते त्याला पुढेही कधी आठवलं नाही. गव्यांना घाई नव्हती. माद्या चरू लागल्या आणि नर झाडाखाली बसून रवंथ करू लागला. असे दोन तास गेले. लाडूच्या पोटऱ्यांवर जळवा चढल्या होत्या आणि बूड बधिर झालं होतं. शेवटी त्याने खिशातून फोन काढला. झाडावर चक्क दोन काड्या रेंज होती.

त्याने सहा आकडे दाबले. बोटं ओली होती आणि आकडे जागा बदलत होते. चुकलं. पुन्हा चुकलं. पाचव्यांदा चुकल्यावर फोनने ‘तीस सेकंद थांबा’ असं सांगितलं. लाडू थांबला, पुन्हा चुकला, आणि फोनने मुदत वाढवली. आपल्याला फोन चोर समजतोय, हे लाडूच्या ध्यानात आलं. मग त्याला खालच्या बाजूला संकटकाळच्या कॉलचं बटण दिसलं. त्याला आकडे लागत नव्हते.

पलीकडे एक बाई होती. बोलणं कन्नडमधून झालं, ते साधारण असं:

“काय अडचण आहे?”

“खाली गवे आहेत. मी झाडावर आहे.”

“झाड कुठे आहे?”

लाडूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? जागा सांगा.”

“जोयडा तालुका.”

“अहो, तालुका केवढा मोठा! तुमचा फोनही जागा दाखवत नाही.”

“नाही ना?” एवढ्या संकटातही लाडूचा आवाज खुलला. “अजिबात नाही?”

“अजिबात नाही. जवळची खूण सांगा. देऊळ, पूल, काहीही.”

“खूण सांगता येत नाही.”

“येत नाही, की सांगायची नाही?”

बाई हुशार होती. लाडूने खाली बघितलं. नराने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. दोन्हीकडून अडकलेल्या लाडूने अखेर स्वतःचं नाव आणि गावाचं नाव एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. बाईने पंचायतीत कळवलं, पंचायतीने मेंबराला कळवलं.

दीड तासाने खालून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येऊ लागला. शोधत येणारा माणूस इकडे तिकडे फिरतो, हाका मारतो. हा आवाज मात्र सरळ रेषेत वर येत होता. गवे उठले, कान टवकारून उभे राहिले आणि पलीकडच्या उतारावर निघून गेले. झुडपं बाजूला सारून महाबळेश्वर आला, एकटाच. त्याने डबा खाली ठेवला, वारुळापाशी गेला, पानावरच्या नऊ अळंब्या उचलल्या, पंच्यात गुंडाळल्या, गाठ मारली आणि मगच वर बघितलं.

“उतर आता.”

“म्हाबळेश्वर,” लाडू वरूनच म्हणाला, “ते देवाचं हाय.”

महाबळेश्वरचा हात गाठीवरच राहिला. सवयीने होऊन गेलं होतं, आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“व्हय. बारा वर्सं देवाच्या वतीनं मीच न्हेतोय. त्याच्या आदी माझा बा न्हेत हुता.” तो एका दगडावर बसला. “ही जागा तुझ्या बाला आनि माझ्या बाला मिळून घावली. दोघं येजा करायला लागले तर लोक मागावर येतील, म्हनून ठरलं. तुझ्या बानं काढायची, नऊ माझ्या बाला ठेवायची. बोलायचं कोनीच न्हाई.”

“आनि मला देव म्हनून सांगितलं!”

“शेजाऱ्याला ठेव म्हनलं असतं तर एखाद्या साली तू आठच ठेवली असतीस.”

ते खरं होतं, हे लाडूला पटलं. तो सावकाश खाली उतरला आणि पायावरच्या जळवा काढू लागला. “मग दर साली अंगनात येऊन कुठं घावली म्हनून इचारत हुतास, ते?”

“मी न्हाई इचारलं तर लोक म्हनतील न्हवं, ह्योच का इचारत न्हाई?”

ह्या माणसाला आपण बारा वर्षं भोचक समजत होतो, याची लाडूला मनापासून लाज वाटली. त्याने मग सगळं सांगून टाकलं. तो तांबडा ठिपका, रामनगरचं दुकान, बावीस हजार.

“तो ठिपका व्हय?” महाबळेश्वर म्हणाला. “माझ्या फोनवर बी आला हुता. नाव द्या, नाव द्या म्हनून मागंच लागला. दिलं.”

“दिलंस?” लाडूने झाडाचा आधार घेतला.

महाबळेश्वरने आपला जुना, तडा गेलेला फोन काढून पुढे केला. त्यावर तोच ठिपका होता. ठिकाणाचं नाव होतं ‘जळवांचा खड्डा’. पाचपैकी एक तारा. खाली लिहिलं होतं, ‘एकदम बेकार जागा. अंगभर जळवा लागल्या. गाडी लावायला जागा नाही. चहा मिळत नाही. येऊन पस्तावलो.’

“चहा न्हाई म्हनल्यावर कोन येतंय सांग,” महाबळेश्वर म्हणाला.

लाडूने ते दोनदा वाचलं. “खर्च किती आला?”

“खर्च कसला? फुकटच असतंय ते.”

लाडूने आपल्या फोनवर पुन्हा सहा आकडे दाबून बघितले. त्यावर ‘आठ मिनिटं थांबा’ असं आलं.

दोघे पाटी घेऊन खाली निघाले. गव्यांच्या वाटेवर गर्दी नको, असं सांगून महाबळेश्वरने गावच्या लोकांना ओढ्याच्या पलीकडे वळणाआड थांबवलं होतं. येसू मात्र कुणाचं न ऐकता ओढा ओलांडून अलीकडे आली होती. तिने लाडूला वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठे मोडलं नाही हे दिसताच तिचे डोळे भरून आले, आणि ते पदराने पुसताच नजर पुन्हा करडी झाली.

“हितंच थांबा. आदी पाय धुवा, दोघंबी.”

“आता पाय कशाला?” लाडू म्हणाला.

“पलीकडं पंधरा मानसं हुबी हायत. ही पिवळी माती साऱ्या रानात एकाच जाग्याला हाय. बघितली म्हंजे उद्या समदी तिथंच.”

“वैनी,” महाबळेश्वरने चाचरत विचारलं, “तुमाला कवापास्नं म्हाईत?”

“लगीन झाल्यापास्नं. आदी मामंजींची कापडं धुतली, मग ह्यांची. तुमच्या बायकोला, वैष्णवीला बी म्हाईत हाय. आमी एकाच दगडावर धुतोय न्हवं.”

“मग तू कवा बोलली न्हाईस?” लाडूने विचारलं.

“बोलायचं न्हाई असंच हुतं न्हवं?” येसूने कमरेवर हात ठेवले. “मग आता सांगा, त्या काळ्या काचंत काय हुतं?”

“ह्येच. ही जागा.”

“म्हंजे जे मला म्हाईत हाय, ते माझ्यापास्नं लपवायला तुमी गोठ्याचे पत्रे घालवलासा?”

लाडू ओढ्यात उतरला आणि पाय चोळू लागला. शेजारी महाबळेश्वरही चोळू लागला. येसूने पाटीवर पाला झाकला, काठावर बसून दोघांचे पाय नीट निरखले आणि बोट दाखवलं.

“टाच ऱ्हायली,” ती म्हणाली, आणि लाडूने टाच धुतली.